पडद्याची शीव

मराठीत शीव म्हणजे हद्द. मुंबईतल्या शीव या भागाला त्याच अर्थाने हे नाव पडलं. दक्षिणेला इंग्रजांच्या ताब्यातलं परळचं बेट, उत्तरेला पोर्तुगीजांची साष्टी आणि दोहोंच्या मध्ये ही टेकडी. 1669 ते 1677 या काळात, गव्हर्नर आँजियरच्या कारकिर्दीत, टेकडीवर किल्ला बांधला गेला. सत्ता कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे त्या किल्ल्यावरून कळत असे.

आज त्या टेकडीच्या आसपास मुंबईतली मुलं जितक्या भाषांत शिकतात तितक्या क्वचितच कुठे शिकत असतील. रेल्वेच्या रुळांपलीकडे धारावी आहे. या पट्ट्यात मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ आणि इंग्रजी माध्यमाचे वर्ग आहेत. महापालिकेच्या शाळा आहेत, डी. एस. हायस्कूलसारख्या जुन्या खासगी शाळा आहेत. गेल्या पंधरा वर्षांत अशा वर्गांमधून प्रोजेक्टर, स्मार्ट टीव्ही, टॅब आणि बाईंच्या हातातला मोबाइल हळूहळू येऊन बसला. आता शिक्षक आणि पालक दोघेही एकच गोष्ट विचारतात: मुलांनी हे वर्गात किती वेळा वापरायचं? रोज? आठवड्यातून दोनदा? की महिन्यातून एकदा, तपासणीचे साहेब येतील तेव्हा?

या प्रश्नाला सरळ उत्तर देता येतं, असं मला वाटतं. त्यासाठी यंत्र बाजूला ठेवून आधी मुलाच्या डोक्यात काय चालतं ते पाहावं लागेल. पडद्याला वर्गात जागा द्यायलाच हवी, पण त्याची शीवही आपणच आखायला हवी.

यंत्र आलं, वेळापत्रक आलं नाही

वर्गात पडदा आणण्याची हौस नवी नाही. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना दूरदर्शनवरची बालचित्रवाणी आठवत असेल. शालेय कार्यक्रम तयार करण्यासाठी ही संस्था 1984 साली पुण्यात सुरू झाली आणि 2017 मध्ये बंद करण्यात आली. तिचे कार्यक्रम पाहून अनेक मुलांना विज्ञानाची गोडी लागली. पण कार्यक्रमाची वेळ दूरदर्शन ठरवायचं आणि धड्याची वेळ शाळा. वर्गात अपूर्णांक चालू असताना पडद्यावर फुलपाखराचं जीवनचक्र असायचं. पडद्यावर जे येतं ते त्या दिवशी शिकवायच्या गोष्टीशी जुळलं नाही, तर ती करमणूक ठरते. ही अडचण तेव्हापासूनची आहे.

पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांत व्हर्च्युअल क्लासरूम आल्या. स्टुडिओत बसलेला शिक्षक एकाच वेळी अनेक शाळांतल्या मुलांना शिकवू लागला. 2015 मध्ये पालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले. अभ्यासक्रम टॅबमध्ये भरलेला होता आणि दप्तराचं ओझं कमी करणं हा मोठा हेतू होता. त्याच वर्षी जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी ‘डिजिटल शाळा’ अशा पाट्या लागल्या. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा पाहायला लोक लांबून येऊ लागले. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आणला. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं.

परितेवाडीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. क्यूआर कोडने पुस्तक काढून घेतलं नाही. पान तेच राहिलं, अडलेल्या जागी एक खिडकी उघडली, मूल डोकावलं आणि पुन्हा पानावर आलं. किती वेळा आणि केव्हा, हे त्या पानानेच ठरवलं.

बाकीच्या बहुतेक योजनांमध्ये मोजलं गेलं ते यंत्र. इतके टॅब वाटले, इतक्या शाळा डिजिटल झाल्या. ते टॅब मंगळवारच्या चौथ्या तासिकेत कोणत्या कामासाठी उघडायचे, हे कुणी लिहून दिलं नाही.

जगातही हेच घडलं. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ ही अमेरिकेतून निघालेली मोहीम 2007 मध्ये भारतात आली आणि तिचा पहिला प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात या छोट्या वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत झाला. याच मोहिमेतले लॅपटॉप पेरू देशाने लाखोंच्या संख्येने घेतले. तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा नीट अभ्यास झाला. सव्वा वर्षानंतर मुलं संगणक सफाईने हाताळत होती, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत त्यांची प्रगती इतर शाळांतल्या मुलांपेक्षा वेगळी नव्हती. लॅपटॉप हातात पडल्यामुळे गुणाकार आला नाही.

गुजरातमधले दोन प्रयोग

‘किती वेळा’ याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला आपल्या शेजारच्या राज्यात सापडतं. तिथे एकाच दशकात दोन प्रयोग झाले आणि त्यांचे निकाल एकमेकांच्या अगदी उलट आले.

पहिला वडोदऱ्याचा. तिथल्या पालिका शाळांना सरकारने चार-चार संगणक दिले होते आणि ते बहुतेक ठिकाणी नुसते पडून होते. मुंबईच्या वस्त्यांमधून उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने 2002 मध्ये चौथीच्या मुलांसाठी त्यांवर गणिताचे खेळ बसवले. एका संगणकावर दोन मुलं. आठवड्याला दोन तास: एक शाळेच्या वेळेत, एक शाळेच्या आधी किंवा नंतर. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं मोजमाप केलं. या दोघांना पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पहिल्याच वर्षी गणितात 0.35 प्रमाण विचलनाची वाढ दिसली. सोप्या भाषेत सांगायचं तर शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये, पन्नासाव्या जागी उभं असलेलं मूल साधारण चौसष्टाव्या जागी पोचलं. दुसऱ्या वर्षी वाढ 0.47 होती. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा विरला आणि साधारण 0.10 उरला. हा आकडाही लक्षात ठेवायला हवा: सराव थांबला की जमा झालेलं झिरपून जातं.

दुसरा प्रयोग ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांमधला. ली लिंडन या अर्थतज्ज्ञाने तो अभ्यासला आणि 2008 मध्ये निष्कर्ष मांडले. इथेही गणिताचे संगणकीय खेळ होते. काही शाळांत मुलं रोज तासभर वर्गातून उठून संगणकाकडे जायची, म्हणजे बाईंच्या शिकवण्यातला तेवढा वेळ जायचा. काही शाळांत हाच तास शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी होता. जिथे संगणक शिकवण्याला जोडून आला, तिथे 0.28 ने वाढ झाली. जिथे शिकवण्याचा वेळ कापून आला, तिथे मुलं 0.57 ने मागे गेली. पन्नासाव्या जागेवरचं मूल अठ्ठाविसाव्या जागेपर्यंत घसरलं.

दोन्ही गटांत संगणक, खेळ आणि वेळ सारखेच होते. एका गटात मुलं पुढे गेली, दुसऱ्यात मागे. फरक पडला तो त्या तासाने कोणता तास खाल्ला यामुळे. ज्ञानशालेतलं शिकवणं मुळात चांगलं होतं, म्हणून ते कापल्याची किंमत मोठी होती.

तिसरं उदाहरण दिल्लीचं. 2015-16 मध्ये शाळेनंतरच्या केंद्रांमध्ये चौथी ते नववीच्या मुलांना ‘माइंडस्पार्क’ या संगणकप्रणालीवर बसवलं गेलं. आठवड्यातून सहा दिवस, दीड तास. त्यातली 45 मिनिटं संगणक आणि 45 मिनिटं छोट्या गटात शिकवणारा माणूस. प्रणाली मुलाची इयत्ता पाहत नव्हती, त्याला काय येतं ते पाहत होती. सहावीतल्या मुलाला तिसरीची वजाबाकी अडत असेल तर तिथूनच सुरुवात व्हायची. साडेचार महिन्यांत गणितात 0.37 आणि हिंदीत 0.23 ची वाढ झाली. इथे वापर भरपूर होता, पण तो निम्माच पडद्यावर होता आणि तोही शाळेच्या वेळेबाहेर.

म्हणून शीवच्या एखाद्या बाई जेव्हा विचारतात, ‘आठवड्यातून किती वेळा?’ तेव्हा मी आधी विचारेन, ‘बाई, कशाच्या ऐवजी?’ फळ्यावरून नुसतं उतरवून घेण्याच्या तासिकेऐवजी असेल तर खुशाल वाढवा. तुम्ही स्वतः मुलांशी बोलत, चुका पकडत शिकवता त्या तासिकेऐवजी असेल तर दहा वेळा विचार करा.

तासभराचा हिशेब

आंतरराष्ट्रीय पातळीवर 15 वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ नावाची चाचणी होते. 2022 च्या फेरीत 81 देश आणि प्रदेशांतली जवळपास सात लाख मुलं बसली. भारत त्यात नव्हता. शाळेत शिकण्यासाठी दिवसाला तासाभरापर्यंत डिजिटल साधन वापरणाऱ्या मुलांचे गणिताचे गुण अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा 14 ने जास्त निघाले. घरची आर्थिक-सामाजिक स्थिती हिशेबात धरूनही हा फरक टिकला. त्याच वेळी, गणिताच्या तासाला दुसऱ्याच्या यंत्रामुळे लक्ष विचलित होतं असं सांगणाऱ्या मुलांचे गुण 15 ने कमी होते. जेवढं मिळालं, जवळजवळ तेवढंच गेलं.

असे आकडे दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढंच सांगतात. एकीमुळे दुसरी घडली, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण शेजाऱ्याच्या पडद्याचा त्रास प्रयोगातही दिसला आहे. 2013 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर दुसरी कामंही करायला सांगितली. त्यांचे गुण घटले. त्यांच्या मागे बसून नुसतं वहीत लिहिणाऱ्यांचे गुण त्याहून जास्त घटले. साठ मुलांच्या वर्गात मधल्या बाकावर एक टॅब भलतीकडे उघडला गेला की त्याची झळ मागच्या दोन रांगांना लागते.

याच्या जोडीला वाचनाचा हिशेब घ्या. 2000 ते 2017 या काळातल्या 54 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा थोडा अधिक समजतो, आणि वेळेचं बंधन असलं की हा फरक वाढतो, असं त्यात दिसलं. म्हणजे इतिहासाचा लांब धडा टॅबवर वाचायला लावणं हा टॅबचा उपयोग नव्हे. तो धडा बालभारतीच्या पुस्तकातच वाचावा.

मीठ आणि पुरण

आता गाभ्याकडे येऊ. ‘डिजिटल कृती’ या एका नावाखाली आपण निदान चार वेगळी कामं कोंबतो. दोन मिनिटांची प्रश्नमंजूषा, पाढ्यांचा सराव, हलतं-फिरतं चित्र, आणि मुलांनी स्वतः बनवलेला माहितीपट. या चौघांना एकच माप लावणं म्हणजे मीठ आणि पुरण यांना एकच चमचा वापरणं. मीठ रोज लागतं, पण चिमूटभर. पुरण सणाला शिजतं आणि त्याला अख्खी सकाळ द्यावी लागते. रोज पुरण केलं तर जेवण बिघडतं, आणि मीठ सणालाच घातलं तरी बिघडतं.

पहिलं काम आठवून पाहण्याचं. 1885 मध्ये हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने निसटतं आणि मग हळूहळू. यावर उपाय म्हणजे मध्ये वेळ सोडून पुन्हा आठवणं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा दोनदा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. आपल्याकडे आजी संध्याकाळी दिवेलागणीला पाढे म्हणून घ्यायची. ती हेच करत होती.

म्हणून मिठाचा नियम असा: पाच मिनिटांची, पाच प्रश्नांची उजळणी आठवड्यातून तीन-चार वेळा, जमल्यास रोज. त्यात दोन प्रश्न कालचे, दोन गेल्या आठवड्याचे, एक गेल्या महिन्याचा. पडद्याचा फायदा इतकाच की उत्तर ताबडतोब कळतं आणि बाईंना साठ वह्या तपासाव्या लागत नाहीत. टॅब नसले तर हातात अ, ब, क, ड लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डं धरली तरी काम होतं. बाईंच्या एका मोबाइलने ती कार्डं टिपून निकाल काढणारी अ‍ॅपही आहेत. सगळ्या वर्गाला मिळून एक मोबाइल पुरतो.

दुसरं काम सरावाचं. प्रत्येक मूल आपल्या पायरीवरून चढतं. वडोदऱ्याचा आणि दिल्लीचा अनुभव इथे लागू पडतो. आठवड्यातून दोनदा, 20 ते 30 मिनिटं, दोघांत एक यंत्र. सराव तुटला की फायदा विरतो, म्हणून सत्राच्या सुरुवातीला महिनाभर धडाका आणि नंतर शांतता, असं करू नये.

तिसरं काम दाखवण्याचं. जे डोळ्यांना दिसू शकत नाही ते दाखवण्यासाठी पडद्यासारखं साधन नाही. वितळणाऱ्या बर्फातले रेणू, वायरीतून जाणारा विद्युतप्रवाह, त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला तरी मध्यगांचा छेदनबिंदू आतच राहतो ते दृश्य. त्यासाठी जिओजेब्रा किंवा फेटसारखी मोफत साधनं आहेत. पण हे संकल्पना येईल तेव्हाच. महिन्यात दोनदा आलं तर दोनदा, एकाच आठवड्यात तीनदा आलं तर तीनदा. इथे वेळापत्रक धड्याने ठरवायचं.

चौथं काम घडवण्याचं. मुलं वस्तीतल्या पाण्याच्या वेळांचा तक्ता करतील, आजीची मुलाखत ध्वनिमुद्रित करतील, स्क्रॅच या मुलांसाठीच्या संगणकभाषेत छोटा खेळ बनवतील. हे पुरण आहे. सत्रातून एकदा-दोनदा, पण सलग दोन-तीन तासिका देऊन.

भरती-ओहोटीची एक तासिका

हे सगळं प्रत्यक्ष वर्गात कसं दिसतं, ते सातवीच्या भूगोलातल्या भरती-ओहोटीवरून पाहू. शीवच्या मुलाला हा विषय पुस्तकातून कळायची गरज नाही. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की किंग्ज सर्कल आणि हिंदमाताला पाणी तुंबतं, हे त्याने पायाने अनुभवलेलं असतं. पावसाळ्याआधी पालिका साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस जाहीर करते, तेही त्याने घरी ऐकलेलं असतं.

अशा वर्गात पहिली दहा मिनिटं पडदा बंद. बाई विचारतात: मुंबईत दिवसातून भरती किती वेळा येते? आज बाराला आली तर उद्या किती वाजता? मुलं वहीत अंदाज लिहितात. अंदाज चुकीचा असला तरी चालेल, पण तो आधी लिहिलेला हवा. मग एक मूल पृथ्वी, एक चंद्र, आणि वर्गात फिरून पाहायचं. इथे बहुतेकांची गाडी अडते. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला पाणी फुगतं हे पटतं, पण विरुद्ध बाजूलाही का फुगतं?

आता पडदा सुरू. सात-आठ मिनिटं. चंद्र हळू फिरतो, दोन्ही बाजूंचे फुगवटे दिसतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरून येईपर्यंत चंद्रही पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याला पुन्हा गाठायला साधारण 50 मिनिटं जास्त लागतात. बाई दोनदा चित्र थांबवतात आणि विचारतात, आता काय होईल? मग पडदा बंद. उरलेल्या वेळात मुलं वर्तमानपत्रातलं किंवा पालिकेचं वेळापत्रक घेऊन आपला अंदाज तपासतात आणि वहीत एक वाक्य लिहितात: माझा अंदाज कुठे चुकला आणि का.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पडदा आठ मिनिटं होता. त्या आठ मिनिटांशिवाय दुसरा फुगवटा कळला नसता, आणि आधीच्या दहा मिनिटांशिवाय ती आठ मिनिटं नुसतं सुंदर चित्र पाहण्यात गेली असती. वापराची मोजणी करायचीच तर अशी करावी: पडद्याआधी प्रश्न होता का, पडद्यानंतर हाताने काही झालं का?

यात सवयीचाही एक हिशेब आहे. महिन्यातून एकदाच टॅब काढणाऱ्या वर्गात वाटपाला पाच मिनिटं जातात, पासवर्डला पाच, बॅटरी उतरलेल्या तीन टॅबांच्या रडारडीला तीन, आणि परत गोळा करायला चार. अर्धी तासिका तिथेच संपली. आठवड्यातून दोनदा वापरणाऱ्या वर्गात मॉनिटर हे सगळं चार मिनिटांत उरकतात आणि यंत्राचं अप्रूपही ओसरलेलं असतं. त्यामुळे ‘क्वचितच वापरू, म्हणजे धोका नाही’ हा विचार फसवा आहे. क्वचित वापरात वेळ सगळ्यात जास्त वाया जातो.

इयत्तेप्रमाणे

शीवपासून दादर जवळ आहे. 1936 मध्ये ताराबाई मोडक यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. माँटेसरी पद्धतीच्या बालशाळेत साधनाची एक शिस्त असते. प्रत्येक साधनाचं काम ठरलेलं असतं, मूल ते हाताने वापरतं, आणि काम झालं की साधन स्वतःच्या हाताने जागेवर परत ठेवतं. पडदा हेही एक साधन मानलं तर हीच शिस्त त्याला लावावी, असं माझं मत आहे.

बालवाडी ते दुसरीपर्यंत मुलाच्या हातात यंत्र देण्याची गरज नाही. या वयात अक्षर बोटांतून डोक्यात जातं, संख्या चिंचोक्यांतून. बाईंनी आपल्या मोबाइलवरून एखादं गाणं, पक्ष्याचा आवाज, दूरच्या गावाची गोष्ट ऐकवावी. आठवड्यातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं पुरे.

तिसरी ते पाचवीत आठवड्यातून दोनदा गणित आणि वाचनाचा सराव, प्रत्येकी 20 मिनिटं, जोडीने. याच वयात मागे पडलेलं मूल ओळखून त्याला त्याच्या पायरीवरून चढवता येतं. एखाद्या वर्गाला यंत्रं कमी मिळणार असतील तर ती आधी या मुलांना मिळावीत.

सहावी ते आठवीत रोजची पाच मिनिटांची उजळणी, आठवड्याला दोन सराव आणि संकल्पनेनुसार एखादं दर्शन. आठवड्याच्या चाळीस-पंचेचाळीस तासिकांमध्ये हे सगळं मिळून साडेतीन-चार तासिकांपलीकडे जात नाही. नववी-दहावीत वापर वाढला तरी दिवसाला तासाभराच्या आत ठेवावा. बोर्डाची उत्तरपत्रिका हाताने लिहायची असते, आणि तीन तास सलग लिहिण्याचा सराव टॅबवर होत नाही.

ही मापं म्हणजे कायदा नाही. वर उल्लेखलेल्या अनुभवांतून मी काढलेला तो अंदाज आहे. सरकारनेही एकदा अशी शीव आखली होती. जुलै 2020 मध्ये, शाळा बंद असताना, केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रं आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रं अशी मर्यादा सांगितली. दुसरा काही मार्गच नव्हता तेव्हाही मर्यादा घालावीशी वाटली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

घरी काय आहे?

करोनामुळे शाळा बंद राहिल्या त्या काळाने आणखी एक गोष्ट उघडी केली. धारावीत दहा बाय दहाच्या खोलीत दोन भावंडं आणि एक मोबाइल, आणि तो मोबाइल दिवसभर वडिलांसोबत कामावर. अशा घरांसाठी 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातली रचना मला फार शहाणी वाटते. कार्यक्रम पाहून झाला की घरात, परिसरात, हाताने करायच्या कृती असायच्या. पडदा थोडा, करणं जास्त.

एकाच वर्गातल्या एका मुलाच्या घरी संगणक, इंटरनेट आणि शिकवायला मोकळी आई असते. शेजारच्या मुलाने संगणकाला शाळेतच पहिल्यांदा हात लावलेला असतो. पहिल्या मुलाला वर्गात पडदा कमी मिळाला तरी चालेल. दुसऱ्याला तो शाळेत मिळाला नाही तर कुठेच मिळणार नाही. त्यामुळे ‘मुलं घरी मोबाइलच पाहतात, शाळेत कशाला?’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. घरी मूल मोबाइलवर जे पाहतं ते त्याला शिकवण्यासाठी बनलेलं नसतं. शाळेतल्या पंधरा मिनिटांत त्याला कळतं की याच यंत्राला प्रश्न विचारता येतो, त्याच्याकडून काम करून घेता येतं, आणि काम झालं की ते बंदही करता येतं. हे तिसरं शिकवणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि ते फक्त शिक्षकच करू शकतात.

चार आठवड्यांची वही

शेवटी एक छोटा प्रयोग सुचवतो. त्याला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. पाठ टाचणाच्या वहीत मागच्या बाजूला एक पान आखा. पाच रकाने: तारीख, पडदा किती मिनिटं, कशाच्या ऐवजी, मुलांनी हाताने काय केलं, आणि शेवटचा रकाना मोकळा. आठवड्यानंतर त्याच भागावर पाच प्रश्न विचारा, कागदावर, न सांगता. वर्गातल्या किती मुलांना तीन किंवा जास्त आले, तो आकडा त्या मोकळ्या रकान्यात लिहा. काही भाग मुद्दाम पडद्याविना शिकवा आणि त्यांचीही नोंद ठेवा.

चार आठवड्यांनी पान वाचा. कोणत्या धड्याला पडद्याने हात दिला आणि कोणत्या धड्यात त्याने नुसती जागा अडवली, ते तुमच्याच अक्षरात समोर असेल. शेजारच्या वर्गाचं पान वेगळं निघेल, तमिळ माध्यमाच्या वर्गाचं आणखी वेगळं. मग आठवड्यातून किती वेळा, हे कुणाला विचारावं लागणार नाही. पुढच्या महिन्याचं वेळापत्रक आखताना ते पान शेजारी उघडं ठेवा.